पाठमोरा पुढचा

मी आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाही. तरीपण आमच्या ग्रंथालयाच्या जिन्यात, मुलींच्या शाळेच्या सभागृहात आणि हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी विमान चालवताना दिसते. डोक्याला चामड्याची टोपी, टोपीवर सरकवलेला मोठा चष्मा, नाकातोंडावर मुखवटा, आणि मध्ये जे काय उरतं ते माझं. हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं. घरात आम्हा दोघांना माहीत होतं, पण त्याबद्दल बोलायचं नाही असं न बोलताच ठरलं होतं.

आमचे हे पाठ्यपुस्तकांच्या कचेरीत चित्रकार होते. उभी नोकरी यांनी बेडकाचं पोट, फुलाचे भाग आणि माणसाची फुप्फुसं काढण्यात घालवली. शाळेत तुम्ही ज्या माणसाच्या छातीचं दार उघडून आतले अवयव ओळखले असतील, तो बहुधा यांचाच. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक कुंड्या लावतात, नातवंडांना फिरवतात. यांनी लढाऊ विमानं काढायला घेतली. आजची चकचकीत नव्हेत, जुनी. पुढे पंखा गरगरणारी, कापडाच्या पंखांची, ज्यांतून माणूस परत उतरला तर त्याचं त्यालाच नवल वाटावं अशी.

आणि काढायची म्हणजे काय, तर शेवटच्या खिळ्यापर्यंत. संग्रहालयाच्या मागच्या आवारात एक जुनं विमान गंजत उभं आहे. हे तिथे माझ्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन जायचे. पहारेकऱ्याला बरेच दिवस वाटत होतं की कोणी शिंपी विमानाला कपडे शिवायला आलाय. एकदा पंखाचं कापड धरणाऱ्या खिळ्यांची एक रांग जरा तिरकी गेली, तर यांनी अख्खा पंख खरवडून पुन्हा रंगवला. मी म्हटलं, अहो, कोण मोजणार आहे? तर म्हणाले, मी मोजणार आहे. अशा माणसापुढे हात टेकायचे, दुसरं काय.

घोडं पेंड खायचं ते माणसांपाशी. विमान झालं की त्यात कोणीतरी बसवायला हवा, आणि यांना माणूस म्हटलं की छाती उघडी असलेलाच सुचायचा. मग एका सकाळी मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. डोक्याला माझीच लोकरी कानटोपी, वर मुलीचा पोहायचा जुना चष्मा, तोंडाला रुमाल आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये लाटणं उभं धरायचं, ते विमानाचा दांडा म्हणून. समोर ढग आहेत असं समज, म्हणाले. समोर भांड्यांचा ढीग होता. तेव्हापासून यांच्या प्रत्येक विमानात मीच बसले. कुकरची शिट्टी झाली की मी विमान हवेत सोडून उठायचे आणि हे मागून ओरडायचे की मान तशीच ठेव.

माझ्या डाव्या भुवईत एक खाच आहे. लहानपणी झोक्यावरून पडले होते. खिळा न चुकवणारा माणूस खाच कसा चुकवेल? यांनी ती प्रत्येक वैमानिकाला दिली.

पुढे जुन्या विमानांची आवड असलेल्या मंडळींनी यांच्या चित्रांचं ग्रंथालयात प्रदर्शन भरवलं. हे नव्या शर्टात अवघडून उभे, मी चहाचा ट्रे घेऊन. तिथे एक नव्वदीला टेकलेले गृहस्थ आले. सडसडीत, ताठ, हातात काठी आणि गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग. त्यांची दृष्टी चालली होती. समोरचं दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे, म्हणून ते कोंबडीसारखी मान तिरकी करून बघायचे. तसे ते एकेका चित्रापुढे थांबत गेले. भिंत संपल्यावर माझ्यापाशी आले, चहा घेतला नाही, उलट मलाच म्हणाले की जरा उजेडात या बघू. मी गेले. त्यांनी भिंग माझ्या भुवईला लावलं.

"वहिनी," ते म्हणाले, "ही सगळी लढाई तुम्ही एकटीनेच लढलात की."

आजूबाजूच्या चारजणांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. यांचा चेहरा असा झाला की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी मात्र इतकी हसले की ट्रेमधले कप वाजायला लागले. इतकी वर्षं स्टुलावर बसून पाठ मोडून घेतली होती, कोणीतरी ओळखलं म्हणून मला खरं तर बरंच वाटलं.

त्या दिवसापासून ते घरी यायला लागले. त्यांची मुलगी दातांची डॉक्टर. दवाखान्यात जाताना त्यांना आमच्या दाराशी सोडायची, येताना उचलायची. नाव विचारलं तर म्हणाले, मी मागचा. तरुणपणी ते एकावर एक दोन पंख असलेल्या, दोन माणसांच्या उघड्या विमानात बसायचे. पुढे चालवणारा, मागे नकाशा आणि बंदूक सांभाळणारा. ते मागचे. म्हणून आमच्या घरात ते मागचे काका झाले, आणि त्यांचा तो जोडीदार पुढचा. त्यालाही त्यांनी कधी दुसऱ्या नावाने संबोधलं नाही.

मागच्या काकांना पुढच्याचं चित्र हवं होतं. एवढं एकच मागणं घेऊन ते आले होते. पुढचा लढाईतून परत आला नाही. त्याचा एकही धड फोटो नव्हता. अख्ख्या तुकडीचा एक होता, पण त्यात पुढचा नेमका शिंकला, म्हणून त्याच्या खांद्यांवर चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका फराटा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागच्या काकांना सांगितलं होतं की कडेचं जे दिसतंय तेही आता जाईल, थोडे महिने धरून चाला. दृष्टी जायच्या आत त्यांना पुढच्याला एकदा बघायचं होतं. त्यांनी हे सगळं इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला उगाच ओट्यावरचं काहीतरी पुसायला जावं लागलं.

आमच्या यांनी छाती काढून सांगितलं, करतो. मी मागून खुणा करत होते की जरा दमानं. पण भुवईची फजिती ताजी होती, यांना ती भरून काढायची होती.

मग चौकशी सुरू झाली. विमानाच्या चाकाला किती आऱ्या, इंजिनाच्या झाकणाचा रंग मळका की मुळातच तसा, बंदूक कोणत्या बाजूला. मागचे काका सगळं सांगायचे. चेहऱ्यापाशी आलं की म्हणायचे, चांगला होता हो, नाक होतं, डोळे होते. तेवढ्यावर यांनी चेहरा काढला. मी लांबून बघितला आणि पदर तोंडात कोंबला. मिशा लावलेली मी होते. भुवईतली खाच मुद्दाम बुजवली होती, त्यामुळे आणखीच मी वाटत होते.

मागचे काका मान तिरकी करून बघत बसले आणि म्हणाले, वहिनी छान आल्यात.

दुसऱ्या खेपेला यांनी मला स्टुलाच्या जवळपाससुद्धा फिरकू दिलं नाही. दार लावून काढलं. या वेळी कोणीतरी वेगळा आला होता खरा. रुंद कपाळ, सरळ नाक, नजर कुठेच नाही. मला तो ओळखीचा वाटत होता, पण कपड्यांत पाहिलेला नसल्याने चटकन लक्षात येईना. मग आठवलं, आठवीच्या पुस्तकातला श्वसनसंस्थेचा माणूस. यांनी त्याला कोट घालून विमानात बसवला होता.

"माणूस भला दिसतो," मागचे काका म्हणाले. "पण आमची ओळख नाही."

त्यांनी ते हसून म्हटलं. हे हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर यांनी सगळे ब्रश धुतले, पुसले, डब्यात आडवे घातले. दुसऱ्या दिवशी उठून फ्रिज साफ केला. तिसऱ्या दिवशी माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. घरात बसून डबे लावणारा नवरा मला चालणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं. यांनी डब्यावरचं झाकण बंद केलं आणि खाली बघून म्हणाले की मला माणूस येत नाही, मला फक्त तू येतेस. हे ऐकून भांडायचं कसं, तुम्हीच सांगा. मी चहा टाकला.

त्यानंतर मागचे काका आले तेव्हा त्यांनी खुर्ची हाताने चाचपली आणि मग बसले. आधीच्या वेळी ते सरळ बसले होते. आम्ही दोघांनी ते पाहिलं आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं. हे नेहमीप्रमाणे शेपटीच्या तारांविषयी विचारायला लागले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, तारा राहू द्या बाजूला. काका, डोळे मिटल्यावर तुम्हाला ते कसे दिसतात तेवढं सांगा.

"कसा म्हणजे?" ते म्हणाले. "पाठमोरा."

हे तोंड उघडं टाकून बसले. ही गोष्ट मागच्या काकांच्याही आताच लक्षात येत होती. दिवसचे दिवस ते त्या माणसाच्या मागे बसले होते. जमिनीवर तो आपल्या तंबूत, काका आपल्या. जेवताना काय चार घास गिळायचे आणि पळायचं. त्याला बघितलं म्हणजे डोक्यामागून बघितलं. आणि तिथलं विचारा, एकही गोष्ट ते विसरले नव्हते. टोपीची शिवण मानेपाशी उसवली होती आणि पुढच्याने ती स्वतः पांढऱ्या दोऱ्याने शिवली होती, वाकडी. गळ्याला चौकड्यांचा जुना टॉवेल, कारण बरा मफलर कोणीतरी ढापला होता. डावा खांदा जरा खाली. कोट असला जाड की आत माणूस आहे की नाही कळू नये. हे भराभर विचारत होते आणि काका भराभर सांगत होते. आमच्या यांना मी इतक्या घाईत फक्त लग्नाच्या दिवशी पाहिलं होतं, तेही बस चुकेल म्हणून.

मग मी स्वयंपाकघरातली दोन्ही स्टुलं आणून बोळात एकामागे एक ठेवली. पुढच्यावर मी बसले, केसांचा अंबाडा वर दाबून कानटोपी घातली, गळ्याला हात पुसायचा टॉवेल गुंडाळला, लाटणं धरलं. मागच्या स्टुलावर काका. मला म्हणाले, डावा खांदा खाली. अजून. आता बरोबर.

विमानात बोलायची नळी होती, पण वाऱ्यामुळे तिच्यातून काही ऐकू यायचं नाही. म्हणून त्या दोघांची सगळी भाषा खांद्यावरची. डाव्या खांद्यावर थाप दिली की डावीकडे वळ, डोक्यावर टपली मारली की खाली घे. आणि निघताना, सगळ्यात आधी, उजव्या खांद्यावर दोन बोटांनी एकदा घट्ट दाबायचं. त्याचा अर्थ, मी आहे मागे, चल. ते झाल्याशिवाय पुढचा विमान हलवायचा नाही. काकांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं दाबली आणि मी, काय करणार, तोंडाने इंजिनाचा आवाज काढला.

थोडं उडाल्यावर मी विचारलं की मग ते परत आले नाहीत त्या दिवशी तुम्ही मागे नव्हतात का?

काकांनी खांद्यावरची बोटं काढून घेतली. मग म्हणाले की हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही, कारण सांगण्यासारखं नाही. लोकांना वाटतं मला ताप होता. ताप नव्हता.

"मला बसायच्या जागी गळू झालं होतं," ते म्हणाले. "बसताच येईना. डॉक्टरने तंबूत पालथा घातला. पुढचा निघताना बघायला आला आणि असा हसला, असा हसला. म्हणाला, तुझ्या ढुंगणाला पदक द्यायला पाहिजे. हसत हसतच गेला."

मला हसायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण तंबूत पालथे पडलेले काका डोळ्यांसमोर आले आणि ते पदक आलं, आणि माझ्या पोटातून जे हसू निघालं ते काही केल्या थांबेना. त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही यायला लागलं, ते वेगळंच. आणि मागे काका एकदम ताठ झाले. वहिनी, हलू नका, म्हणाले. पुढचा हसला की अस्संच व्हायचं. आवाज यायचा नाही, पण टोपीचे कान वर सरकायचे आणि टोपी आणि टॉवेल यांच्यामधून मानेला एक घडी पडायची. त्यावरून मागच्याला कळायचं की पुढे काहीतरी गंमत चालली आहे. खाली गोळ्या झाडत असले तरी ती घडी दिसली की जिवाला बरं वाटायचं.

मी मान न वळवता डोळे फिरवले. बोळाच्या टोकाशी हे उभे होते आणि दूधवाल्याच्या बिलाच्या पाकिटावर पेन्सिल चालवत होते.

मग चित्र सुरू झालं. सगळं मागच्या जागेवरून दिसतं तसं. खाली पंखाची कड, समोर पंख्याचा फिरता गोल, आणि मध्ये मोठा थोरला पाठमोरा पुढचा. खिळे यात फारसे नव्हतेच, यांना पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं झालं. रंगही यांनी कधी नव्हे ते जाड लावले. एरवी यांचा रंग कांद्याच्या पापुद्र्याएवढा. पण त्या कोटासाठी यांनी सुरीने लोणी लावावं तसा तपकिरी रंग थापला.

अडचण एकच. मला हसवायचं कोणी? काका रोज येत नव्हते आणि गळवाची गोष्ट परत परत ऐकून त्यातली मजा जाईल अशी मला भीती होती. यांना विनोद सांगता येत नाही. कचेरीतल्या साहेबाचा एक किस्सा यांनी मला सांगितला, तो ऐकून मला त्या साहेबाची दया आली. शेवटी हे वैतागले, ब्रश रोखून मला म्हणाले, "अगं, मनापासून हस, पण हलू नकोस." झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या एका वाक्यात आमचा सगळा संसार आला. माझ्या मानेला हवी होती ती घडी पडली आणि बराच वेळ राहिली.

चित्र पूर्ण झालं तेव्हा रंग ओला होता. जाड रंग वाळायला आठवडे लागतात. यांचा नियम असा की ओलं चित्र कोणाला दाखवायचं नाही. पण काकांची मुलगी फोनवर म्हणाली की बाबा आता ताटातलं हाताने शोधतात. हे तिला म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

चित्र आम्ही खिडकीपाशी ठेवलं होतं, जास्तीत जास्त उजेडात, आणि समोर ते मागचं स्टूल. काका बसले. मान एका बाजूला तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूला. भिंग उचललं आणि परत खाली सोडलं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. आमच्या यांच्या हातात फडकं होतं आणि ते त्याला पीळ देत होते. काकांची नजर कुठे कुठे जात होती ते आम्हाला कळत होतं. पांढरा दोरा. चौकड्यांचा टॉवेल. मग चित्रातली मान जिथे आहे तिथे नजर थांबली, आणि त्यांचा चेहरा हसायला लागला, आधी थोडा, मग पुरता.

"हसतोय साला," ते म्हणाले.

आणि त्यांनी हात पुढे केला आणि चित्रातल्या उजव्या खांद्यावर दोन बोटं घट्ट दाबली.

मुलगी दचकून पुढे आली. बाबा, रंग ओला आहे, म्हणाली. काकांनी बोटं काढली. तपकिरी झाली होती. कोटावर दोन खळगे पडले होते, चांगले खोल. माझं लक्ष यांच्याकडे. एक तिरका खिळा सहन न होणारा माणूस, त्याने खळगे बुजवायला सुरी उचलली असती तर मी काय केलं असतं मलाच माहीत नाही. हे पुढे झाले. फडक्याला टर्पेंटाइन लावलं आणि काकांची बोटं एकेक करून पुसली, नखांच्या कडांपर्यंत, लहान मुलाचे हात पुसावेत तशी. चित्राला हात लावला नाही. मुलीला म्हणाले की वाळेपर्यंत आठवडा दोन आठवडे इथे राहू द्या, आणि चौकट करताना काच घालायची नाही, चौकटवाल्याने कितीही सांगितलं तरी.

आता ते चित्र काकांच्या खोलीत आहे. उंच टांगलेलं नाही, बसल्या जागी हात पोचेल असं. काकांना आता काही दिसत नाही, कडेचंही नाही. मुलीने सांगितलं की सकाळी उठले की ते पलंगाच्या काठावर बसतात, हात पुढे करून ते दोन खळगे शोधतात आणि त्यात बोटं ठेवतात. मगच चहा मागतात.

हे ऐकलं आणि आमचे हे उठले. त्यांनी स्टूल आणलं, मला म्हणाले बस, आज एक नवीन विमान काढायचंय. मी लाटणं घेतलं आणि समोर तोंड करून बसले. ते म्हणाले, नाही, तशी नको, पाठ कर. मी पाठ केली. मागे बराच वेळ काहीच हालचाल होईना. मला वाटलं पेन्सिल शोधत असतील. मग उजव्या खांद्यावर दोन बोटं टेकली.